एकसष्टावं पद

“इंदू, ती खिडकी लाव.”

नांद्रेकर सरांनी मान वर केली नाही. समोरच्या हॉटेलातला रेडिओ सुरू झाला होता. दुपारचे चार वाजले की तिथे सिनेमातली जुनी गाणी लागायची आणि मी उठून खिडकी लावायची, हे तीन वर्षं चाललं होतं. मी खिडकी लावली. मुखडा नेमका संपत होता. अंतरा काचेबाहेर राहिला.

“आता इकडे बघ,” सर म्हणाले. कुलपाच्या कपाटातून त्यांनी एक जाड पाकीट काढलं. “शेवटची प्रुफं. प्रस्तावना आणि एकसष्टावं पद. उद्या संध्याकाळपर्यंत तपासून दे. परवा सकाळी आठला छपाई सुरू.”

अडुसष्ट सालचा मार्च होता. मी सत्तावीस वर्षांची होते. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते आणि त्यांची लेखनिकही होते. आवडाई नावाच्या सतराव्या शतकातल्या संत कवयित्रीच्या पदांची संशोधित आवृत्ती, हे सरांचं बावीस वर्षांचं काम. साठ पदं पोथ्यांतून मिळालेली. एकसष्टावं मात्र त्यांनी कुणालाच दाखवलं नव्हतं. गारगोटीच्या पुढे डोंगरातल्या एका वस्तीवर, दोन वर्षांपूर्वी, एका म्हातारीच्या तोंडून ते उतरवून घेतलं होतं एवढंच मला ठाऊक. “पुण्याच्या लोकांना वास लागला तर माझ्या आधी छापून मोकळे होतील,” असं ते म्हणायचे. आवडाई मोठ्या घरची नव्हती, लोकांची दळणं दळून जगणारी बाई होती, हा त्यांचा सिद्धांत. त्याचा पुरावा त्या पदात होता. तो न बघताच, सरांच्या शब्दावर, मी माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण लिहिलं होतं. टंकलिखित प्रत सरांच्या टेबलावर पडली होती, सहीची वाट बघत.

मी पाकीट उघडलं, पेन्सिल घेतली आणि वाचू लागले.

*खुंट्याला बांधिले मन, फिरता फिरता*
*दळिले मीच मला, हे पीठ कुणाकरिता*

तपासनीस शब्द वाचतो, अक्षर अक्षर सुटं करून. माझ्या कानात मात्र शब्दांच्या आधी पेटी वाजली. मग सारंगीचा तुकडा. मग एका बाईचा नाकातून येणारा, जुन्या धाटणीचा आवाज, लहानपणी घरी रेकॉर्डवर ऐकलेला.

पेन्सिल थांबली.

“काय झालं? चूक सापडली?” सरांनी विचारलं.

“नाही, सर.” मी पान उलटलं. “हे पद आणखी कुठं कुणी ऐकलंय का?”

“कोण ऐकणार? त्या म्हातारीबरोबर गेलं असतं ते. आजीपासून चालत आलंय म्हणाली.” मग ते खुर्चीत मागे टेकले. असं ते क्वचित टेकायचे. “इंदू, माझ्या आयुष्यात मी एवढं सुंदर काही वाचलेलं नाही. बावीस वर्षांचं सोनं झालं.”

बोलणं सोपं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ओळंबे नावाच्या विद्यार्थ्याने सरांनी एका पोथीचा काळ चुकीचा ठरवल्याचं चारचौघांत दाखवलं होतं. महिन्याभरात त्याची नोंदणी रद्द झाली. आता तो विम्याच्या ऑफिसात होता. आणि सिनेमाच्या गाण्यांबद्दल सरांचं मत मला चांगलं माहीत होतं. मी रेडिओवर ऐकलेली गाणी एका वहीत उतरवून ठेवत असे, शेजारी गायिका, संगीतकार, कवी. एकदा ती वही त्यांच्या हाती लागली. त्यांनी चार पानं चाळली, वही मला परत दिली आणि म्हणाले, “वही चांगली आहे. हिच्यात काहीतरी लिही.”

घरी आले तेव्हा अप्पा, माझे वडील, ओसरीत दम खात बसले होते. तरुणपणी ते इथल्याच एका फिल्म कंपनीत पेटी वाजवायचे. कंपनी बुडाली, दमा राहिला.

“काय गं, तोंड का उतरलंय?”

मी त्या दोन ओळी म्हटल्या. अप्पांची बोटं मांडीवर आपोआप हलली आणि पुढच्या दोन त्यांनी म्हटल्या:

*उतरे रात्र पायरी पायरी*
*पांढऱ्या हातांनी पहाट दारी*

“कुठनं आठवलं तुला हे? अकरा दिवस चालला तो सिनेमा. नंतर तंबूवाल्यांनी जत्रंजत्रंत फिरवला, तेवढंच.”

मी सगळं सांगितलं.

“अप्पा, असंही असेल ना, की तुमच्या कवीनंच ते कुठल्या तरी जात्यावरून उचललं?”

“मारुतीनं?” अप्पा हसले, मग खोकले. “मारुती शेणोलीकर. पडदे रंगवायचा आमच्याकडं. गाणी लिहायला कुणी मिळंना म्हणून त्याला बसवला. पैलं कडवं त्यानं कुठनं आणलं, मी बघायला गेलो नाही. पण हे पायरीचं माझ्यादेखत केलंय. हिरॉईन जिना उतरत यायची. अकरा पायऱ्यांचा जिना, आणि बाईच्या पायात जड साडी. ती निम्म्यात असतानाच गाणं संपायचं. डायरेक्टर म्हणाला, मारुती, जिन्यासाठी दोन ओळी वाढव. तो माझ्या पेटीच्या खोक्यावर बसला. कागद नव्हता, तर सिगारेटचं पाकीट फाडलं.”

“ते पाकीट?”

अप्पा उठले. ट्रंकेतून त्यांची जुनी सुरावटींची वही काढली. त्या गाण्याच्या पानावर खळीने डकवलेला पिवळा तुकडा होता. पेन्सिलीचं अक्षर, खाडाखोड. ट्रंकेच्या तळाशी, धोतरात गुंडाळलेली, रेकॉर्ड. तिच्यावर गायिकेचं नाव होतं, कंपनीचं होतं. कवीचं नव्हतं.

“आता त्या सरांना दाखवणार?”

“नाही दाखवलं तर?”

“तर काय. मारुती मेला. ही रेकॉर्ड माझ्या माहितीत एवढी एकच उरलीय. कोण विचारतंय?” ते जरा थांबले. “त्याचं नाव तेव्हा कुठं आलं नाही. आता तर बाईच्या नावावर जाणार, आणि तेही संत बाईच्या. यावर हसायचं का रडायचं, तूच सांग.”

रात्रभर मी प्रस्तावना तपासली. बेचाळीस पानं. त्यातली अकरा फक्त ‘पायरी’वर: योगमार्गातल्या अवस्था, त्यांचा क्रम, आवडाईला तो ठाऊक असणं याचा अर्थ. दर पानाला माझ्या डोळ्यांसमोर जड साडीतली एक बाई जिना उतरत होती. हसू आलं नाही. ही पानं छापून आली असती आणि एका जरी म्हाताऱ्याला ते गाणं आठवलं असतं, तर उरलेल्या साठ खऱ्या पदांवरही कुणी विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी टांग्यातून ग्रामोफोन घेऊन राजारामपुरीत सरांच्या घरी गेले. दार माईंनी उघडलं. सरांच्या पत्नी, हळू बोलणाऱ्या, कायम पदर आवरत चालणाऱ्या. त्यांनी ग्रामोफोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आत आहेत. दोन घोट पाणी पी आधी.”

सर अभ्यासिकेत होते. “प्रुफं झाली?”

“झाली.”

“आणि हे काय?”

“अप्पांचा ग्रामोफोन.”

“माझ्या घरात?”

“तीन मिनिटं, सर. मग घेऊन जाते.”

ते नको म्हणायच्या आत मी चावी भरली. सुई दोनदा घसरली. खरखर झाली, पेटी आली, सारंगी आली, आणि ती बाई गाऊ लागली.

मी सरांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी त्यांचा हात मला दिसत होता. दुसऱ्या ओळीला त्यांचं बोट टेबलावर ठेका धरू लागलं. ते त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी हात मांडीवर घेतला.

रेकॉर्ड संपली.

“चोरलं,” सर म्हणाले. “सिनेमावाले. लोकांच्या जात्यावरचं उचलायचं आणि त्याला पेटी लावायची. यासाठी आलीस?”

“मलाही आधी तसंच वाटलं, सर.” मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. जिना, हिरॉईन, खोकं, पाकीट, सगळं सांगितलं. “सर, तुम्हीच शिकवलंत. दोन प्रतींत एकच ठिगळ दिसलं, तर ते कुणाला लावावं लागलं ते शोधा. मूळ प्रत तीच. म्हातारीच्या पदात पायरीचं कडवं आहे. तिच्या आजीला जिना उतरायचा नव्हता.”

“शेवटच्या ओळीत आवडाईचं नाव आहे. ते या तुझ्या तबकडीत नाही.”

“त्या भागात जात्यावर काहीही म्हटलं तरी शेवटी आवडाईचं नाव घालायची रीत आहे. तुम्हीच प्रस्तावनेत लिहिलंय. याच कारणानं सात पदं तुम्ही बाद केलीत.”

“आणि हे आठवं,” सर म्हणाले.

सरांनी खण उघडून भिंग काढलं. पोथी आली की ते तसं काढायचे. वही खिडकीच्या उजेडात धरली आणि त्या पिवळ्या तुकड्यावर वाकले. किती वेळ गेला सांगता येत नाही.

“‘शांत हातांनी’,” ते पुटपुटले. “खोडलं. ‘थकल्या हातांनी’. तेही खोडलं.” भिंग थोडं सरकलं. “‘पांढऱ्या’.”

प्रस्तावनेतलं शेवटचं वाक्य त्या शब्दावर होतं. पीठ लागलेले हात आणि उजाडतानाचं आभाळ एका शब्दात धरणारी ही बाई मराठीतल्या थोरांच्या पंगतीत बसते, असं.

त्यांनी भिंग ठेवलं. “कुणाला सांगितलंस?”

“अप्पांनाच.”

“आणखी?”

“कुणालाही नाही.”

“अशा रेकॉर्डी किती असतील?”

खोटं बोलता आलं असतं. शंभर आहेत, म्हणाले असते तर मी सुटले असते. “अप्पांच्या माहितीत ही एकच.”

सर उठले. ग्रामोफोनवरची रेकॉर्ड त्यांनी उचलली आणि दोन्ही हातांत धरली, कडांना अंगठे लावून. त्या जुन्या रेकॉर्डी पापडासारख्या, जरा जोर दिला की दोन तुकडे. मला ओळंबे आठवला. माझी चार प्रकरणं आठवली. त्या क्षणी, खरं सांगते, फुटली तर फुटू दे असंही मनात येऊन गेलं. मग कुणालाच काही करावं लागलं नसतं.

“अहो,” दारातून आवाज आला. “ती फोडू नका.”

माई उभ्या होत्या. हातात चहाचे कप होते, पण चहावर साय धरली होती. बराच वेळ उभ्या असाव्यात.

“तू मध्ये पडू नकोस. तुला यातलं काही कळत नाही,” सर म्हणाले.

“मी तो सिनेमा चार वेळा बघितलाय.”

सर दाराकडे वळले. “कधी?”

“लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. अंबाबाईला जाते म्हणून सांगून.”

“म्हणजे हे पद...”

“तुम्ही वस्तीवरून आलात आणि हातपाय धुता धुता म्हणालात, तेव्हाच ओळखलं. चालसुद्धा तीच.”

“दोन वर्षं?” सरांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “सबंध प्रस्तावना तुला वाचून दाखवली मी. एका शब्दानं बोलली नाहीस?”

“वाचून दाखवलीत. विचारलं कुठं?”

“माझं हसं झालं असतं, कळतंय तुला?”

“कळतंय. त्याचीच भीती होती रोज.” माईंनी कप टेबलावर ठेवले, पदर आवरला. “पण तुम्ही रोज दाढी करताना ते गुणगुणत होतात. या घरात एकतीस वर्षांत कुणी गाणं म्हटलं नव्हतं. मी तर सोडूनच दिलं होतं. बोलले असते तर दुसऱ्या दिवसापासून तेही बंद झालं असतं.”

“मी गुणगुणत होतो?”

हे त्यांनी मला विचारलं, जणू मी न्हाणीघरात होते. मी खाली बघितलं. माईंनीच उत्तर दिलं.

“रोज. पहिलं कडवं नीट, दुसऱ्यात चुकत होतात.”

सरांनी रेकॉर्ड टेबलावर ठेवली, प्रुफांच्या वर. “तू जा, इंदू.”

“सर, वही आणि...”

“ग्रामोफोन ने. बाकीचं राहू दे इथं.”

घरी अप्पांनी एवढंच विचारलं, “रेकॉर्ड?”

“ठेवून घेतली.”

“वही?”

“ती पण.”

अप्पांनी मान हलवली. “म्हणजे आता मारुती कुठंच नाही,” ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी साडेसातला मी छापखान्यात पोचले. यंत्र बंद होतं. नुसता टिकटिक आवाज येत होता, धातूवर धातू पडल्यासारखा. आतल्या खोलीत दोन जुळारी जुळवलेली पानं मोडून अक्षरांचे खिळे आपापल्या खणांत टाकत होते. सर शेजारी स्टुलावर बसले होते. दाढी केलेली नव्हती.

“बेचाळीस पानं,” ते म्हणाले. “जुळवायला महिना लागला होता. सोडवायला तास लागत नाही.”

“प्रकाशन, सर?”

“पुढे गेलं. पुण्याला कळवलंय कारण. त्यांनाही हसायला मिळू दे.” त्यांनी पिशवीतून माझा प्रबंध काढला. “तुझं चौथं प्रकरण?”

“काढते.”

“मग सही कशावर करू? पुन्हा लिहून आण. आणि या वेळी माझ्या शब्दावर लिहू नकोस. कुणाच्याच नको.”

मी प्रबंध घेतला. जायला वळले तेव्हा त्यांनी हाक मारली.

“त्या पडदे रंगवणाऱ्याचं नाव काय?”

“मारुती शेणोलीकर.”

“वडलांचं नाव? जन्म कधीचा? आणखी काय लिहिलं त्यानं?”

“माहीत नाही, सर.”

“मग शोध. संशोधक म्हणवतेस ना?” ते पुन्हा खिळ्यांकडे बघू लागले. “तुझ्या त्या वहीत लिही. पानं असतील रिकामी.”

ग्रंथ आठ महिन्यांनी निघाला, साठ पदांचा. शेवटी एका पानाचं परिशिष्ट होतं: आवडाईच्या नावावर गायलं जाणारं एक चित्रपटगीत, कवी मारुती शेणोलीकर. खाली बारीक टाइपात, पोथ्यांबद्दल लिहितात तशीच टीप: ‘दुसऱ्या कडव्याचा पाठ सिगारेटच्या पाकिटावरून. हस्ताक्षर कवीचे. दोन शब्द खोडलेले.’ पुण्याच्या मासिकांनी दोन अंक सरांची थट्टा केली, मग विसरले. अप्पांनी ते पान भिंगाशिवाय वाचायचा हट्ट धरला. त्यांना काही दिसलं नाही, पण नावाच्या जागी बोट मात्र बरोबर ठेवलं.

माझी पीएच.डी. दोन वर्षं लांबली. मारुतीच्या वडलांचं नाव शोधायला नऊ वर्षं लागली. त्याच्या मागोमाग आणखी नावं सापडत गेली, रेकॉर्डवर न छापलेली, आणि माझा सगळा जन्म त्यातच गेला. आज माझ्याकडे अशा चौदा वह्या आहेत. पहिली तीच, सरांनी हिच्यात काहीतरी लिही म्हटलेली.

अप्पांची वही सरांनी परिशिष्ट छापून होताच परत दिली. रेकॉर्ड दिली नाही. मी मागितली नाही आणि अप्पांनीही मागू दिली नाही.

सर गेल्यावर महिन्याभराने मी माईंना भेटायला गेले. अभ्यासिका तशीच होती. टेबलाच्या कडेला एक जुनाट ग्रामोफोन होता, सरांनी निवृत्त झाल्यावर बाजारातून आणलेला. ती रेकॉर्ड त्याच्यावरच होती. घासून घासून तिच्या रेघा करड्या झाल्या होत्या.

“रोज चार वाजता लावायचे,” माई म्हणाल्या. “आधी उठून खिडकी घट्ट लावायचे. बाहेर ऐकू जायला नको म्हणून.”

“आणि तुम्ही?”

“मी आतच असायची. दुसरं कडवं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. ते मीच म्हणायची.”